वॅगनच्या खिंडीतल्या शेटे काकू

शेटे काकूंनी माझ्याकडे पहिल्यांदा बघितलं तेव्हा चेहऱ्याकडे बघितलंच नाही. सनीव्हेलमधल्या एका पार्किंग लॉटमध्ये शुक्रवारी दुपारी आम्ही दहा-बारा मराठी मंडळी बॅगा घेऊन उभी होतो. एक ठेंगणी, साठी ओलांडलेली बाई पुरुषी फुल शर्ट घालून, खाली वाकून, एकेकाचे बूट तपासत पुढे सरकत होती. माझ्यापाशी आल्यावर त्यांनी बुटाचं टोक अंगठ्याने दाबलं, "चालेल," म्हणाल्या आणि पुढे गेल्या. माझ्या शेजारी आमच्या मराठी मंडळाचे एक माजी अध्यक्ष होते. त्यांचे बूट कोरे करकरीत.

"हे बूट आज नाही," काकू म्हणाल्या. "महिनाभर घालून फिरा, मग या."

"अहो, मी कळसूबाई पाच वेळा चढलोय."

"चढलायत. आपल्याला उतरायचंय."

अध्यक्ष गाडीत बसून घरी गेले. पुढे दोन वर्षं ते काकूंशी बोलत नव्हते आणि काकूंना ते कळलंही नाही.

आम्ही निघालो होतो कॅलिफोर्नियाच्या दक्षिणेकडच्या वाळवंटात. तिथे एक खिंड आहे. तिला नकाशावर इंग्रजी नाव आहे, पण आम्ही सगळे तिला वॅगनची खिंड म्हणायचो. पूर्वी पूर्वेकडून बैलांच्या गाड्या घेऊन निघालेले लोक या खिंडीतून खालच्या कोरड्या मैदानात उतरले. उतार असा की माणसाने सरळ उभं राहून उतरावं की बसून, हा प्रश्न पडावा. त्यावरून त्यांनी संसार भरलेल्या गाड्या उतरवल्या. काकू दर मार्चमध्ये, ऊन तापायच्या आत, पंधराएक माणसांना त्या वाटेने खाली घेऊन जायच्या. मी मुळात आळशी माणूस. पण माझी गाडी मोठी होती आणि काकूंच्या घराजवळ मी राहायचो, म्हणून सहा वर्षं मी त्यांचा ड्रायव्हर होतो.

काकू मूळच्या साताऱ्याच्या. तिथे पाटबंधारे खात्यात आरेखक होत्या, म्हणजे धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे हाताने काढायच्या. लग्न होऊन इकडे आल्या आणि एका चिपच्या कंपनीत लागल्या. तिथेही नकाशेच, फक्त नखाएवढ्या जागेचे. "तिथे पाणी जायचं, इथे करंट जातो," असं म्हणून त्यांनी आपली तीस वर्षांची नोकरी एका वाक्यात उरकली होती. शेटे काकांना मी पाहिलेलं नाही. मी सनीव्हेलला आलो त्याच्या आधीच ते गेले. हॉलमध्ये त्यांचा फोटो होता. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि फोटोग्राफरने हसा म्हटलं असावं पण आपल्याला पटलेलं नाही, असा चेहरा.

उतरताना काकू सगळ्यांच्या शेवटी चालायच्या. पुढे कुणी तरी वाट माहीत असलेला. दर थांब्याला माणसं मोजायच्या, तीही नुसत्या डोळ्यांनी नाही. प्रत्येकाला नंबर दिलेला असायचा आणि तो मोठ्याने सांगावा लागायचा. चांगले डायरेक्टर, व्हाइस प्रेसिडेंट लोक शाळेतल्यासारखे "सात", "आठ" ओरडायचे. कानात इअरफोन दिसला की हात पुढे करायच्या आणि तो स्वतःच्या खिशात टाकायच्या. कुणाला ‘सांभाळून’ म्हणायला त्यांनी बंदी घातली होती. त्यांचं म्हणणं, सांभाळून म्हटलं की माणूस दचकून वर बघतो, आणि वर बघितलं की पडतो. त्या स्वतः फक्त पायाशी बोलायच्या. "डावा खाली. अजून. आता त्या काळ्या दगडावर. टेक." अशा आवाजात की आपण न विचारता पाय टाकावा.

वाटेत एका कातळावर गाड्यांच्या चाकांवरच्या लोखंडी धावांचे चरे आहेत, बोटभर खोल. तिथे काकू प्रत्येकाला खाली बसवून त्या चऱ्यात हात घालायला लावायच्या. लोक भावुक व्हायचे, फोटो काढायचे. काकूंना त्यात रस नव्हता. "चाक फिरलं असतं तर चरा पडला नसता," त्या सांगायच्या. "साखळीने चाकं बांधली होती. गाडी घसरत खाली, आणि वरून दोर सोडणारी माणसं. बायका-पोरं बाजूने पायी. आणि ही वाट त्यांनी शोधलेली नाही बरं का. इथल्या मूळ लोकांची पायवाट होती, यांनी ती रुंद केली." सगळं असं नीट, खुलासेवार. एकाच प्रश्नाला त्या उत्तर द्यायच्या नाहीत. ही वाट डोंगराच्या उघड्या सोंडेवरून जाते आणि तिच्या डाव्या हाताला, अगदी लागून, एक नाळ उतरते. आपल्या सह्याद्रीत कोकणात उतरायला असतात तशी, दोन कड्यांमधली दगडगोट्यांची घळ. वरून पाहिलं तर सोंडेपेक्षा किती तरी सोपी. कुणी तरी दरवर्षी विचारायचंच, की गाड्या या नाळेने का नाही नेल्या?

"त्यांना विचारा," काकू म्हणायच्या. "आपल्यापैकी कुणीही नाळेत उतरायचं नाही." आणि चालायला लागायच्या.

ज्या दिवसाबद्दल सांगायचं आहे त्या दिवशी आम्ही चौदा जण होतो. समीर आणि ऋता हे जोडपं नवीन होतं. समीर जुन्नरचा, तिशीचा, अंगात रग असलेला. त्या भागातले सगळे घाट आणि नाळा त्याने उतरलेल्या होत्या आणि ते तो आठ तासांच्या ड्राइव्हमध्ये आम्हाला सांगत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी खिंडीच्या तोंडाशी आल्यावर त्याने नाळेत वाकून पाहिलं.

"काकू, ही तर एकदम ओपन आहे यार. बॉटमपर्यंत दिसतंय. हाफ टाइममध्ये खाली."

"नाही उतरायचं."

"पण का?"

"मी सांगते म्हणून."

समीर हसला. मलाही ते उत्तर पटलं नव्हतं, हे आज कबूल करतो.

त्या वर्षी मार्चमध्येच ऊन भडकलं होतं. सकाळी आठलाच पाठ भाजत होती. आम्ही जेमतेम शंभर पावलं उतरलो असू, तेवढ्यात समीर काकूंना म्हणाला, "काकू, तुम्ही जरा पुढे व्हा ना. ऋताला बाथरूमला जायचंय." आता यावर काय बोलणार? आयुष्यात पहिल्यांदा काकू शेवटचा नंबर सोडून वळणापलीकडे जाऊन उभ्या राहिल्या, पाठ करून. पाच मिनिटं झाली. दहा झाली. काकूंनी हाक मारली. मग मागे वळून त्या जागेपर्यंत चढून गेल्या. तिथे कुणी नव्हतं. नाळेच्या तोंडाशी मातीत ताज्या बुटांचे ठसे होते.

मी त्यांच्या मागोमाग पोचलो होतो. काकूंचा चेहरा मी तेव्हा पाहिला. राग असेल असं वाटलं होतं. तसं काही नव्हतं. तोंडातली लाळ वाळल्यासारखे त्यांनी दोनदा ओठ हलवले आणि म्हणाल्या, "मंदार, चल. सोंडेवरूनच. आत नाही जायचं."

"अहो, मी धावत जाऊन गाठतो त्यांना."

"तू गेलास तर तीन होतील."

बाकीच्यांना त्यांनी वाट माहीत असलेल्या दोघांबरोबर खाली धाडलं. आम्ही दोघं सोंडेवरून झपाझप उतरत अशा जागी आलो जिथून नाळ खाली वाकून दिसते. आणि ते दिसले. साठ-सत्तर फूट खाली, एका खोलीएवढ्या सपाट जागेवर समीर उभा होता, ऋता पाय धरून बसली होती. त्यांच्या वर एक गुळगुळीत कातळाची घसरगुंडी, दोन पुरुष उंचीची. त्यांच्या खाली कडा. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वाळवंटात क्वचित पाऊस पडतो आणि पडला की लोंढा येतो. तो लोंढा नाळेतला कातळ घासून घासून काचेसारखा करतो आणि जागोजागी उडी घेतो. पाणी आटलं की उरतात ते कोरडे धबधबे. पहिल्यावरून माणूस बसून घसरत उतरू शकतो. परत चढू शकत नाही. आणि पुढचा त्याहून मोठा असतो.

"समीर," काकूंनी हाक दिली.

तो वर बघून हात हलवत म्हणाला, "काकू, सॉरी. ऋताचा पाय मुरगळलाय. पण डोन्ट वरी, खाली फक्त दहा-बारा फूट ड्रॉप आहे, मग वाळू आहे. मी उतरतो आणि मग हिला घेतो."

आम्हाला वरून तो कडा पूर्ण दिसत होता. तीन मजली इमारत असते तेवढा होता.

"तीस-पस्तीस फूट आहे. मागे हो."

"काकू, तुम्ही उगाच वाढवून सांगताय." त्याने कड्याच्या कडेला बसून पाय खाली सोडले सुद्धा. ऋता म्हणाली, "समीर, नको ना." तो ऐकत नव्हता. काकूंचा आवाज मात्र तोच राहिला, पायाशी बोलायचा.

"समीर, उडी मारायचीच असेल तर मार. पण आधी शेजारचा दगड सोड. आणि ऐक."

त्याने एक दगड उचलून खाली सोडला. दगड पडल्याचा आवाज यायला जो वेळ लागला तो मला अजून आठवतो. समीरने पाय हळूच वर घेतले आणि तो भिंतीला टेकून बसला.

काकूंच्या पिशवीत उपग्रहावरून निरोप पाठवायचं छोटं यंत्र होतं. त्यावर त्यांनी जागा, माणसं, दुखापत असं मोजकं लिहून पाठवलं. मग पाण्याकडे वळल्या. खाली दोघांत एकच बाटली होती, तीही अर्धी. "जपून ठेवू नका, आत्ता प्या," त्यांनी सांगितलं. आमच्याकडच्या चार बाटल्या होत्या. पहिली मी टाकली, ती दगडावर आपटून फुटली. दुसरीही फुटली. काकूंनी तिसरीला आपला स्वेटर गुंडाळला, त्यावरून स्कार्फ, आणि मला म्हणाल्या, "भिंतीला घासत जाऊ दे." ती पोचली. चौथी त्यांनी माझ्या हातात दिली आणि ती मी प्यायची होती.

नऊ वाजले. दहा वाजले. ऊन नाळेच्या एका भिंतीवरून खाली सरकत होतं. काकू वरून सांगत होत्या, "आता डाव्या कपारीत व्हा. अकरा वाजता तिथेही ऊन येईल, तेव्हा त्या मोठ्या दगडाच्या मागे. तिथे दोघं मावाल, चिकटून बसा." आरेखकाचा डोळा, सूर्य कुठून कसा फिरणार ते त्यांना दिसत होतं. त्या स्वतः मात्र उघड्या कातळावर उभ्या होत्या. चार पावलांवर एका दगडाची सावली होती. मी म्हटलं, "काकू, इकडे या, इथूनही आवाज जाईल."

"आवाज जाईल. पण मी दिसले नाही तर तो पुन्हा उतरायला लागेल."

त्या हलल्या नाहीत. ऋता रडायला लागली की तिला पिठलं कसं करतेस ते विचारायच्या, फोडणीपासून, आणि ती चुकली की दुरुस्त करायच्या. समीरने दोनदा वरचा कातळ चढायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा घसरून कोपरं सोलवटून घेतली. मग ऋताने वर बघून विचारलं, "काकू, कोणी येतंय ना?"

मी यंत्राकडे पाहिलं. निरोप मिळाला, एवढंच त्यावर आलं होतं.

"निघालेत," काकू म्हणाल्या. "अर्धा तास."

मला ही बाई सहा वर्षं माहीत होती. वाट उरली असेल तर ‘हे काय, आलंच’ असं त्यांनी कधी कुणाला म्हटलेलं नव्हतं. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

हेलिकॉप्टर आलं तेव्हा एक वाजून गेला होता. एक माणूस दोराने खाली उतरला, त्याने आधी ऋताला वर घेतलं, मग समीरला. वाळू अशी उडाली की आम्ही दोघं डोळे मिटून कातळाला बिलगलो. आवाज दूर गेल्यावर मी डोळे उघडले, तर काकू खाली बसलेल्या. चेहरा लालबुंद, ओठ फुटलेले. त्यांना उठवताना कळलं की गुडघा वाकत नाहीये. उरलेली वाट आम्ही कशी उतरलो ते सांगण्यात अर्थ नाही. निम्मी त्या बसून उतरल्या, आणि मी त्यांच्या पायाशी बोलत होतो.

ऋताच्या घोट्याला बारीक फ्रॅक्चर निघालं, समीरला सलाइन लावलं, दोघंही ठीक आहेत असा निरोप आला तेव्हा आम्ही हायवेवर होतो. बाकीची मंडळी दुसऱ्या गाड्यांनी आधीच निघाली होती, माझ्या गाडीत आम्ही दोघंच. तासाभराने काकू समोर बघत म्हणाल्या, "मंदार, त्याच जागेवर आम्ही अडकलो होतो."

"कोण आम्ही?"

"मी आणि हे. सोळा वर्षांपूर्वी."

मग त्यांनी सांगितलं. शेटे काका नाळ बघून म्हणाले होते, अगं, ही आपली नाळ आहे, गाडीवाल्या येड्यांना कळलं नाही. दोघं पहिल्या कातळावरून घसरून उतरले आणि अडकले. दोर नव्हता. काकांनी अंगावरची पँट काढून, फाडून, पट्ट्यांना गाठी मारून दोर केला. तो वर अडकेना. शेवटी काकू त्यांच्या खांद्यावर आणि मग डोक्यावर उभ्या राहून वर चढल्या आणि एकट्या मदत आणायला गेल्या. संध्याकाळी रस्त्याच्या कामावरच्या दोन माणसांनी काकांना दोराने वर ओढलं. अंगात इस्त्रीचा शर्ट आणि खाली पट्ट्यापट्ट्यांची चड्डी. त्या माणसांनी काही विचारलं नाही, फक्त एकाने आपलं जॅकेट कमरेला गुंडाळायला दिलं.

"परत येताना गाडीत म्हणाले, कुणाला सांगू नकोस. लोक हसतील." काकू थांबल्या. "त्यांनी जन्मात एवढी एकच गोष्ट मागितली माझ्याकडे. मी नाही सांगितलं कुणाला. मुलीला सुद्धा नाही. ते गेल्यावर तर कशी सांगणार? आणि मग दरवर्षी नुसतं म्हणत राहिले, नाळेत उतरायचं नाही. का, ते सांगायचं धाडस नाही झालं. त्या पोराला का ते कळलं असतं तर तो उतरला असता का?"

मला राग आला. खरंच आला. दोन माणसं मेली असती, आणि कशापायी, तर एका गेलेल्या गृहस्थाच्या पँटपायी. मी तसं बोललोही. ‘काकू, हे चूक केलंत तुम्ही’ असं तोंडावर म्हणालो. त्यांनी मान हलवली. बचाव केला नाही. पुढे दोन महिने मी त्यांच्याकडे गेलो नाही. त्याची मला आज लाज वाटते.

त्याच्या पुढच्या वर्षी काकू पूर्व किनाऱ्याकडे, मॉरिसव्हिलला मुलीकडे राहायला गेल्या. गुडघ्याने दगा दिला होता. तिथेच त्या गेल्या हिवाळ्यात वारल्या. फोनवर बोलायचो आम्ही, पण मला त्या आठवतात त्या खिंडीतल्याच, जाण्याआधीच्या मार्चमधल्या.

काकू येणार नाहीत असं सगळ्यांना वाटलं होतं. आल्या, गुडघ्याला पट्टा बांधून, फक्त वरपर्यंत. मंडळी वीस होती. समीर आणि ऋताही होते, थोडे बाजूला, खाली मान घालून. काकूंनी सगळ्यांना नाळेच्या तोंडाशी नेऊन बसवलं आणि उभ्यानेच सांगायला लागल्या. नाळेचा कातळ, लोंढा, कोरडे धबधबे, सगळं. मग समीरकडे न बघता म्हणाल्या, "इथे सगळ्यात पहिल्यांदा फसलेला मराठी माणूस म्हणजे माझे मिस्टर." आणि काही न गाळता त्यांनी सगळं सांगितलं. पँट फाडली ते. गाठी मारल्या ते. बायको डोक्यावर उभी असताना त्यांनी ‘बूट काढ आधी’ म्हटलं ते. लोक आधी चोरून हसले, मग मोकळे हसले. मागच्या एका बाईच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून हसून. समीर हसला नाही. तो काकूंकडे बघत होता. काकूंनी कुणालाही थांबवलं नाही. हसणं आपोआप विरलं, आणि एकेकाची नजर नाळेत खाली गेली, आणि मग कुणाला काही सांगावं लागलं नाही.

मंडळी उठून सोंडेच्या वाटेला लागली. मी काकूंची पिशवी घ्यायला मागे वळलो. त्या नाळेच्या तोंडाशी एकट्या उभ्या होत्या, माझ्याकडे पाठ करून. मी येतोय हे त्यांना कळलं नसावं. खाली त्या सपाट जागेकडे बघत त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हसले हो सगळे. काही होत नाही."